लेखणी कोणती घ्यावी?

लेखणी ही तशी क्षुल्लक वस्तू. दुकानात जावे, दोन-चार पेने कागदाच्या तुकड्यावर फिरवून पाहावीत, खिशाला परवडेल ते घ्यावे, एवढ्यात हा विषय संपायला हवा. तरीही शाळा-महाविद्यालयांतील मुले, नव्याने नोकरीस लागलेले शिक्षक, क्वचित सिमेंट कारखान्यातील एखादा हौशी कर्मचारी जेव्हा विचारतो की, ‘रोजच्या लिहिण्याला झरणी घ्यावी म्हणतो, तीही इटालिक निबेची, घ्यावी काय?’ तेव्हा त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो. चार-पाच रुपयांच्या बॉलपेनने काम भागत असता अधिक किमतीची, अधिक निगा मागणारी वस्तू बाळगणे योग्य आहे काय? सुंदर अक्षराची हौस हा गुण की मिरवण्याचा एक प्रकार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदार देईल. दुसऱ्याचे आपणच शोधले पाहिजे, आणि ते आपण वाचकांसमवेत शोधावे असे आम्हांस वाटते.

नीतिशास्त्रात काही कृत्यांना ‘उदासीन’ म्हटले जाते. स्वतःच्या जातीने ती चांगलीही नसतात आणि वाईटही नसतात. संत थॉमस अक्वायनस यांनी याचे उदाहरण दिले आहे ते जमिनीवरची काडी उचलण्याचे. काडी उचलण्यात पुण्य कसले आणि पाप कसले? परंतु पुढच्याच प्रकरणात ते एक पाऊल पुढे टाकतात. कृत्य प्रकाराने उदासीन असले, तरी एका विशिष्ट माणसाने, विशिष्ट वेळी, विचारपूर्वक केलेले कोणतेही कृत्य उदासीन राहू शकत नाही. कारण विचारपूर्वक करणे म्हणजे काही हेतूने करणे, आणि हेतू एक तर योग्य असतो किंवा अयोग्य. आपल्या पूर्वजांचा बोरू हीदेखील एक काडीच होती. ती कशासाठी उचलली, हाच प्रश्न आहे.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा अनुभव फार जुना आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या तेहतिसाव्या प्रकरणात त्यांनी खाजगी मालकीचा दोष मुळापासून उपटून टाकण्यास सांगितले आहे. कोणाही मठवासीयाने स्वतःचे म्हणून काहीही बाळगू नये, असे सांगताना त्यांनी तीन वस्तूंची नावे घेतली: पुस्तक, लिहिण्याच्या पाट्या आणि लेखणी. सोने नाही, जमीन नाही, लेखणी! माणसाचे मन कोठे गुंतते हे त्या साधुपुरुषाने बरोबर ओळखले होते. मात्र त्याच नियमावलीच्या पंचावन्नाव्या प्रकरणात, मठाधिपतीने प्रत्येकाला आवश्यक वस्तू दिल्याच पाहिजेत असे सांगताना वस्त्र, पादत्राणे, सुई यांच्या पंक्तीत पुन्हा लेखणी आणि पाट्या येतात. ‘माझ्याजवळ नव्हते’ ही सबब कोणाला सांगता येऊ नये, हा त्यामागील हेतू. एकच वस्तू एका प्रकरणात निषिद्ध आणि दुसऱ्या प्रकरणात आवश्यक! यात विसंगती नाही. ‘माझी’ म्हणून धरलेली लेखणी बंधन ठरते, कामासाठी हाती दिलेली लेखणी साधन ठरते. पेन तेच, धरणारी मूठ वेगळी.

आता इटालिक निब म्हणजे काय ते पाहू. साध्या निबेच्या टोकाला अगदी बारीक गोल मणी असतो, त्यामुळे हात कोणत्याही दिशेने फिरला तरी रेघ जवळजवळ सारख्याच जाडीची उमटते. इटालिक निबेचे टोक सुताराच्या पटाशीप्रमाणे सपाट कापलेले असते. ती एका दिशेने ओढली की रेघ रुंद, दुसऱ्या दिशेने ओढली की केसासारखी बारीक. हाताने दाब न देता, केवळ दिशेने अक्षराला अंग येते.

हे वळण पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निक्कोलो निक्कोली आणि त्यांच्या समकालीन विद्वानांच्या हाती घडले. जुने ग्रंथ झरझर उतरवून घेता यावेत आणि तरीही ते वाचता यावेत, ही त्यांची गरज होती. पुढे परमगुरुस्वामींच्या कचेरीने ते आपल्या पत्रव्यवहारासाठी स्वीकारले. त्या कचेरीतील लेखनिक लुदोविको देली अर्रीगी यांनी सर्वसामान्यांना हे अक्षर शिकता यावे म्हणून काढलेल्या छोट्या पुस्तिकेवर १५२२ हे साल आहे. छापखान्यातही या तिरप्या अक्षराचा पहिला प्रवेश मोठा सूचक आहे. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मनुशियस यांनी १५०० साली सिएनाच्या संत कॅथरिन यांची पत्रे छापली, तेव्हा संतिणीच्या चित्रात तिच्या हातातील पुस्तकावर प्रभू येशूच्या नावाचे काही शब्द या वळणात उमटले. पुढच्याच वर्षी त्याच छापखान्यातून या अक्षरात अख्खा ग्रंथ बाहेर पडला.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्याकडे पोथीसाठी बाळबोध आणि रोजच्या व्यवहारासाठी मोडी अशी वाटणी होती. बाळबोध अक्षर सुटे, ठाशीव, सावकाश. मोडी अक्षर हात फारसा न उचलता वेगाने लिहायचे. पानावर आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी आपल्या दप्तरांतून नांदत होती. इटालिक ही रोमन लिपीची जणू मोडीच. फरक एवढाच की, मोडी वाचणारे आता थोडे उरले आणि इटालिक आजही कोणालाही वाचता येते.

निब घेताना पहिला विचार रुंदीचा. दुकानात इटालिक म्हणून बहुधा १.१ मिलिमीटरची निब दाखवतात, आणि कोऱ्या कागदावर ओढलेल्या पहिल्या दोन रेघा मन मोहून टाकतात. पण हिशेब करावा. इटालिक अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या सुमारे पाचपट ठेवावी, असा संकेत आहे. म्हणजे १.१ मिलिमीटरच्या निबेला साडेपाच मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे. वहीच्या दोन रेघांमधील अंतर सुमारे आठ मिलिमीटर. मराठी अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यांनी कोठे राहायचे? निमंत्रणपत्रिकेला ती निब शोभेल. हिशेबाची वही, विद्यार्थ्यांच्या निबंधावरील शेरे, आईला लिहिलेले पत्र, यांना ०.६ किंवा ०.७ मिलिमीटरची निब पुरते. दिखाव्याची वस्तू आणि रोजची वस्तू यांतील अंतर असे अर्ध्या मिलिमीटरात मावते!

दुसरा विचार कोपऱ्यांचा. खऱ्या इटालिक निबेचे कोपरे धारदार असतात. तिची रेघ स्वच्छ येते, पण हात जरा कलला तर कोपरा कागदात रुततो. कोपरे किंचित घासून गोल केलेली निब ‘स्टब’ म्हणून ओळखली जाते. तिची रेघ तेवढी कोरीव नसते, पण ती खडबडीत कागद, घाईचा हात आणि गुडघ्यावर ठेवलेली वही हे सारे सोसते. ज्याला बसून, सावकाश लिहायला मिळते त्याने पहिली घ्यावी. ज्याला दहाजणांच्या गर्दीत लिहावे लागते त्याने दुसरी.

तिसरा विचार धातूचा. चौदा कॅरटच्या निबेत साधारण ५८ टक्के सोने असते. सोने शाईने गंजत नाही हे खरे. परंतु चांगल्या पोलादाची निबही नीट धुतली तर वर्षानुवर्षे टिकते. रोजच्या लेखनात सोन्याने अक्षर सुधारते असे आम्हांस दिसलेले नाही. आमच्या भागात उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा धातूपेक्षा दुसरीच काळजी घ्यावी लागते. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात शाई थोडी उरली की हाताच्या उबेने आतील हवा फुगते आणि निबेवाटे थेंब गळतो. असे पेन अर्धे रिकामे होताच भरावे, आणि टोपण उघडे टाकू नये, नाहीतर शाई निबेवरच वाळते.

आता आम्ही त्या मुद्द्याकडे येतो, जो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इटालिक निब रोमन लिपीसाठी घडलेली आहे. देवनागरीचा बोरू परंपरेने ज्या बाजूस तिरपा कापतात, तो उतार रोमनच्या कलमाच्या उलट असतो. रोमन अक्षरात जी तिरपी रेघ बारीक येते, ती देवनागरीच्या ठेवणीत भरदार यावी लागते. म्हणून सरळ कापाची इटालिक निब घेऊन कोणी नेहमीच्या पकडीने मराठी लिहू लागला, तर अक्षरे वाचता येतात, पण त्यांचे वजन भलत्याच ठिकाणी पडते. ओळखीच्या माणसाने दुसऱ्याचा अंगरखा घालावा तसे ते दिसते. यावर उपाय दोन: मनगट वळवून निबेचा कोन बदलावा, किंवा डावीकडे तिरपी कापलेली निब घ्यावी अथवा जाणकाराकडून तशी घासून घ्यावी. लिपीने निबेसाठी वाकायचे, की निबेने लिपीसाठी झिजायचे?

हा प्रश्न आपल्या श्रद्धेच्या इतिहासातही उभा आहे. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली अनेक वर्षांची इच्छा असल्याचे त्यांनी १६०८ साली रोममधील आपल्या श्रेष्ठींना पत्राने कळवले होते. अडचण अशी होती की, युरोपच्या दोन डझन अक्षरांच्या जागी येथे सुमारे सहाशे साचे लागणार होते. ते त्यांच्या हयातीत झाले नाही. भाषा त्यांनी पूर्णपणे येथली स्वीकारली. लेखणी मात्र रोमचीच राहिली. पुढे ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखितेही तयार झाली. त्यांतील एक लंडनमधील मार्सडेन संग्रहात आहे. कोणा अज्ञात लेखकाने बोरूने तो मजकूर येथल्या अक्षरांत उतरवला, तेव्हा फादर स्टीफन्स यांची इच्छा एका अर्थी फळास आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेच्या संविधानाद्वारे लोकभाषांना जे दार उघडले, त्यामागेही हेच तत्त्व आहे: जे पोहोचवायचे ते महत्त्वाचे, साधनाने स्वतःला ज्याच्यापर्यंत पोहोचायचे त्याच्या मापाने कापून घ्यावे.

येथे एक आक्षेप येईल. अक्षराच्या सौंदर्याची एवढी उठाठेव धर्माला खरोखर अभिप्रेत आहे काय? ज्या संत थॉमस यांचा आधार आम्ही वर घेतला, त्यांचे स्वतःचे हस्ताक्षर इतके दुर्बोध होते की, अभ्यासकांनी त्याला ‘न वाचता येणारे अक्षर’ असेच नाव दिले आहे. त्यांच्या हातचे लिखाण व्हॅटिकन ग्रंथालयात जपलेले आहे. ते वाचणे हीच एक विद्या होऊन बसली आहे. तेव्हा सुलेखन म्हणजे सद्गुण नव्हे, आणि गचाळ अक्षर म्हणजे पाप नव्हे. हे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. परंतु संत थॉमस यांच्याजवळ लेखनिक होते. ते सांगत आणि दुसरे स्वच्छ उतरवून घेत. ज्याच्याजवळ लेखनिक नाही, त्याने वाचणाऱ्याचे कष्ट स्वतःच्या हातावर घेतले पाहिजेत.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. नाना ठिकाणचे बोरू आणण्यापासून समासाची जागा सोडण्यापर्यंत सर्व काही त्यात आहे. त्यातील एक सूचना आम्हांस विशेष वाटते: तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामास येत नाही; मध्यम अक्षर लिहावे. वाचणाऱ्याचे डोळे कसे असतील, याचा विचार करून अक्षराचे माप ठरवणे, यालाच आम्ही शेजारप्रीती म्हणू. संत पौल यांनी गलतीकरांस पाठवलेल्या पत्राच्या शेवटी, आपण स्वतःच्या हाताने किती मोठ्या अक्षरांत लिहीत आहोत याकडे लक्ष वेधले आहे. बाकी मजकूर लेखनिकाला सांगूनही शेवट स्वहस्ते लिहिण्यात जी आपुलकी आहे, ती दोन हजार वर्षांनीही जाणवते.

खर्चाचाही आक्षेप आहे. १९३५ च्या जुलैमध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याहून राजमहेंद्रीच्या रत्नम यांना, त्यांनी बनवलेले स्वदेशी पेन आपण वापरले आणि बाजारातील परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते, असे कळवले होते. आपले अक्षर वाईट असल्याची खंत गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. तरी लेखणी कोणाच्या हातून आली, याची त्यांना फिकीर होती. महाराष्ट्रात दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईचा उद्योग सुरू केला, तोच पुढे कॅम्लिन झाला. आपल्यापैकी अनेकांचे पहिले अक्षर त्या शाईने उमटले असेल. एक पेन आणि एक शाईची बाटली काही वर्षे पुरते. तेवढ्या काळात प्लास्टिकची किती पेने कचऱ्यात जातात, ते घरातील मुलांना मोजायला सांगावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी जो इशारा दिला, त्याची सुरुवात शाळेच्या दप्तरापासूनही करता येते. मात्र दहा झरण्या जमवून त्या पेटीत मिरवणाऱ्याने या युक्तिवादाचा आधार घेऊ नये. बॉलपेनने नेटके लिहिणारा गरीब विद्यार्थी त्याच्यापेक्षा श्रेष्ठ आहे.

आमच्या गडचांदूरच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलांचे जिल्हे. येथल्या बांबूचा कागद बल्लारपूरच्या कारखान्यात होत आला. येथल्या हिरड्यातील तुरट द्रव्य आणि हिराकस यांपासून जुनी पक्की काळी शाई बनत असे. कागद या जंगलातून, शाई या जंगलातून. आणि तरीही त्या जंगलात राहणाऱ्या कित्येकांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आला तो फक्त अंगठा. तेंदूपत्त्याचे पुडे मोजून कार्डावर आकडा लिहिणारा, सावकाराच्या वहीत रक्कम चढवणारा, अर्जावर नाव घालणारा, या सर्वांच्या हाती लेखणी होती आणि समोरच्याला ती वाचता येत नव्हती. यिर्मया संदेष्ट्याने शास्त्र्यांच्या खोट्या लेखणीचा धिक्कार केला आहे; यशयाने जुलमी फर्माने लिहून काढणाऱ्यांना हाय हाय म्हटले आहे. अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यातही ऋणपत्रावरचा आकडा बदलला जातो तो लिहूनच. त्या लबाड लेखणीचे अक्षर कदाचित मोत्यासारखे असेल! सुंदर अक्षर खोटे बोलू शकते, ही गोष्ट सुलेखनाच्या हौशी मंडळींनी कधी विसरू नये.

म्हणूनच दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांचेच पाहा. १५६३ साली त्रेंत परिषदेने विवाहांची नोंद ठेवण्याचा नियम केला. आजही बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामात ठेवणे धर्मकायद्याने बंधनकारक आहे. आज नोंदलेले बालकाचे नाव साठ वर्षांनी त्याचा नातू शोधील. ‘ध’चा ‘घ’ झाला, ‘भ’चा ‘म’ झाला, तर एका माणसाची ओळख पुसट होते आणि त्याला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. तेथे रंगीत, पाण्याने धुऊन जाणारी शाई वापरू नये. पक्की, टिकाऊ शाईच हवी. तेथे फार रुंद निबही नको, कारण रकाने अरुंद असतात. बोलता न येणाऱ्या जखऱ्याने पाटी मागवून आपल्या मुलाचे नाव लिहिले, आणि त्याची जीभ मोकळी झाली. नाव अचूक लिहिणे ही लहान सेवा नव्हे.

‘आता सर्व काही मोबाइलवर होते, मग हे कशाला?’ असेही तरुण म्हणतील. त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेतील रीड महाविद्यालयात रॉबर्ट पॅलाडिनो नावाचे गृहस्थ सुलेखन शिकवीत. ते पूर्वी ट्रॅपिस्ट मठात व्रतस्थ होते. महाविद्यालय सोडलेला स्टीव्ह जॉब्स हा तरुण त्यांच्या वर्गात जाऊन बसे. मॅकिंटॉश संगणकावरील सुबक अक्षरांचे श्रेय त्याने २००५ साली एका भाषणात त्या वर्गाला दिले. यंत्रावरच्या अक्षरामागेही कोणाचा तरी हात, कोणाची तरी सपाट निब असते. शिवाय दूरध्वनीवरचा निरोप पुसला जातो. वडिलांच्या हातचे पत्र त्यांच्या पश्चात पेटीत जपले जाते.

तेव्हा घ्यावी काय ही लेखणी? आमचे उत्तर असे. ज्याला रोज लिहावे लागते, त्याने एक घ्यावी, एकच घ्यावी. निब पोलादाची, अरुंद, कोपरे मवाळ केलेली. मराठी अधिक लिहिणाऱ्याने तिचा काप देवनागरीला अनुरूप करून घ्यावा. ती घेतल्यामुळे हात सावकाश चालू लागला, वाचणाऱ्याला सोपे गेले, रागाने लिहायचे पत्र लिहिता लिहिता निवळले, तर निवड योग्य ठरली असे समजावे. ती कोणाला उसनी देताना जीव खालीवर होऊ लागला, तर मात्र बेनेडिक्टांचे तेहतिसावे प्रकरण आठवावे. आणि ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने आठवड्यातून एकदा तरी, ज्याला लिहिता येत नाही अशा कोणाचा तरी अर्ज, कोणाचे तरी पत्र तिने लिहून द्यावे. लिहून झाल्यावर ते त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्याने मान डोलावल्यावरच खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यावा.